सहा महिन्यांपुरती ओफेलिया

ओफेलिया बेंतांकुर थर्मासात गरम पाणी भरून आणायला खाली गेली आणि वर आली तेव्हा अध्यक्ष झालेली होती.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मोंतेविदेओत मोबाइलवरचे छोटे छोटे खेळ बनवणाऱ्या मंडळींची एक संघटना आहे. कागदावर तिचं नाव दीड ओळीचं आहे, पण सगळे तिला बोल्सिशो म्हणतात, म्हणजे खिसा. खिशात मावणारे खेळ बनवणाऱ्यांचा खिसा. त्या दिवशीच्या बैठकीत जुने अध्यक्ष मुलीकडे स्पेनला निघाले होते आणि नवा कोण, या प्रश्नावर सगळे तासभर एकमेकांचे बूट बघत बसले होते. येर्बाच्या पानांचा कडू काढा भरलेला सुक्या भोपळ्याचा पेला हातोहात फिरत होता. फिरता फिरता पाणी संपलं. पाणी संपलं की कुणीतरी उठावं लागतं, आणि ओफेलिया ही उठणारी बाई. ती जिना उतरून गेली तेवढ्यात ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं, हात वर झाले, खाली आले.

"सहा महिन्यांपुरतं गं, बारके," वॉशिंग्टन पिरिस तिला म्हणाला. "दुसरं कुणी मिळेपर्यंत."

वॉशिंग्टन हे त्याचं नाव. अमेरिकेशी त्याचा संबंध एवढाच. बाविसाव्या वर्षी दोघं एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसत, तेव्हा ओफेलिया खरोखरच काडी होती. आता ती त्रेपन्न वर्षांची आहे, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते, पण वॉशिंग्टनच्या तोंडी ती बारकीच राहिली. त्याला बिचाऱ्याला एकदा एखादी गोष्ट ठरली की बदलायचं सुचत नाही. तसे सगळेच सुचण्याच्या बाबतीत मंद. सहा महिने झाले, वर्ष झालं, दुसरं कुणी मिळालं नाही. कुणी शोधलंच नव्हतं.

कामं तरी कसली? ब्राझीलमध्ये साओ पाउलोला खेळ बनवणाऱ्यांची जत्रा भरते, तिथे बोल्सिशोला एक टेबल मिळतं. त्या एका टेबलावर बारा जणांचे खेळ मांडायचे, आणि बाराही जणांना सकाळी अकराचीच वेळ हवी. कुणी नवखा पायसांदूहून लिहितो की माझा खेळ कुणी दुसऱ्यांदा उघडतच नाही, काय करू? त्याला चार पानी उत्तर द्यायचं. सरकारी अर्ज भरायचे. टेबलावरचं कापड घरी आणून धुवायचं. एकदा दोन सभासदांचं कडाक्याचं भांडण झालं. दोघांच्याही खेळात कोंबड्या अंडी घालत होत्या आणि दोघंही म्हणत होते की कोंबडी माझी, त्याने चोरली. ओफेलियाने तीन शनिवार दोघांना समोरासमोर बसवलं आणि शेवटी निवाडा दिला की एकाने कोंबड्या ठेवाव्यात, दुसऱ्याने बदकं करावीत. त्या दिवसापासून दोघंही तिच्याशी धड बोलत नाहीत, पण एकमेकांशी गळ्यात गळे घालून असतात.

या सगळ्याला मोबदला म्हणून सभासदांच्या मोबाइलवरच्या गटावर लाल बदाम येत. ओफेलियाने रात्रंदिवस खपून काही केलं की पन्नास बदाम. संक्रांतीच्या तिळगुळासारखे वाटायला सोपे.

तिचा स्वतःचाही एक खेळ होता. खरं तर बोल्सिशोत ती आली ती त्या खेळामुळे. आमच्याकडे रविवारी त्रिस्तान नार्वाहाच्या रस्त्यावर बाजार भरतो: जुन्या किल्ल्या, पोपटांचे पिंजरे, दिव्यांच्या काचा, तुटके रेडिओ, माणसाला नको असलेलं सगळं. ओफेलियाच्या खेळात असं एकेक दुकान मांडायचं. गिऱ्हाईक येतं, त्याला काय हवं ते ओळखायचं, बोट टेकवून द्यायचं. धंद्यात याला कॅज्युअल गेम म्हणतात. बसथांब्यावर, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, बटाटे उकडेपर्यंत खेळायचे खेळ. आठ टप्पे झाले होते. नववा अर्धा असताना पाणी आणायला खाली जाण्याचा तो प्रसंग घडला, आणि नववा अकरा वर्षं अर्धाच राहिला.

या खेळाची एकच इमानी खेळाडू होती, ती म्हणजे ओफेलियाची आई, एल्बिया. वय एक्याऐंशी. तिने त्याच बाजारात तीस वर्षं बटणं विकली होती. हाडाची, शिंपल्याची, पितळेची, काचेची. नववं दुकान बटणांचं होतं, आईचं. आईला हे माहीत होतं. आठ टप्पे संपवून ती पुन्हा पहिल्यापासून खेळायची, पुन्हा आठ, पुन्हा पहिला, आणि जेवताना सहज विचारल्यासारखं विचारायची.

"बटणं आली का गं?"

"येतील, आई."

"निळी काच विसरू नकोस. लोक निळी काच फार मागायचे."

मागच्या मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी ओफेलियाला बाजूला बोलावून सांगितलं की आईची नजर मधोमध विझत चालली आहे. कडेकडेने दिसेल, मधलं जाईल. किती दिवस? डॉक्टर बाई सरळ होत्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत धरून चाला, त्यापुढचं मी बोलत नाही. आमच्याकडे हिवाळा जून ते ऑगस्ट असतो. त्या संध्याकाळी ओफेलियाने घरी येऊन पाहिलं, आई टॅब्लेट तिरका धरून, मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून पोपटांचे पिंजरे मांडत होती. किती दिवसांपासून अशी बघत होती कोण जाणे. ओफेलियाला स्वतःची शरम वाटली. पायसांदूच्या माणसाला चार पानी उत्तर लिहिणाऱ्या बाईला घरातली मान वळलेली दिसली नव्हती.

तिने हिशेब मांडला. रोजच्या संध्याकाळी मोकळ्या मिळाल्या तर बटणांचं दुकान आठ महिन्यांत उभं राहील. ऑगस्टमध्ये वार्षिक सभा. तेव्हा सुटका झाली तर एप्रिलपर्यंत खेळ आईच्या हातात. त्याआधी नाही, आणि त्यानंतर काही उपयोग नाही.

राजीनामा का देत नाही, असं कुणालाही वाटेल. राजीनामा मंजूर करायला सभा लागते आणि सभेला माणसं लागतात. इथेच घोडं अडलेलं होतं. बोल्सिशोच्या नियमावलीत एक कलम आहे, सुरुवातीच्या उत्साहात संस्थापकांनी छाती फुगवून लिहिलेलं: लागोपाठ तीन वर्षं वार्षिक सभेला एक तृतीयांश सभासद प्रत्यक्ष हजर राहिले नाहीत तर संघटना आवरती घ्यावी, कारण माणसं नसलेली संघटना आम्हाला नको. सभासद चोपन्न. म्हणजे अठरा डोकी हवीत. मागच्या वर्षी आली होती अकरा, त्याच्या आदल्या वर्षी चौदा.

माणसं येत नाहीत याचं दुःख ओफेलियाने तीन वर्षांपूर्वीच वॉशिंग्टनपाशी बोलून दाखवलं होतं. आता दुसरी कुठली मंडळी असती, सुतारांची म्हणा, पाववाल्यांची म्हणा, तर त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या किंवा घरोघर जाऊन दार वाजवलं असतं. पण ही खेळ बनवणारी माणसं. माणूस परत यावा म्हणून काय करायचं, हे यांना पोटापाण्यासाठी शिकावं लागलेलं असतं. वॉशिंग्टनने पंधरा दिवसांत एक ॲप करून आणलं. बैठकीला आलात की बोट टेकवायचं, हजेरी लागते. सलग आलात की हजेरीची माळ वाढते. दहाची माळ झाली की एक चिमणी मिळते, पन्नासची झाली की बगळा.

"आणि एक दिवस चुकला की माळ तुटणार," वॉशिंग्टन म्हणाला. "शून्य. लोक माळ तुटू नये म्हणून मरमर धावतील बघ."

इथे ओफेलियाने चूक केली. ती पुढे कितीदा तरी म्हणाली की चूक वॉशिंग्टनची नाही, माझी. कॅज्युअल खेळाचा पहिला धडा असा की खेळणाऱ्याला कधी ओरडायचं नाही. तो सहा महिन्यांनी परत आला तरी कुठे होतास विचारायचं नाही. फुलं उधळायची, भेट द्यायची, ये म्हणायचं. खेळणारा म्हणजे दमून आलेला माणूस. ओफेलियाने हा धडा तीस वर्षं पाळला होता आणि नवख्यांना शिकवला होता. माळ तोडायची कल्पना तिला सहनच होईना. कुणाचं मूल आजारी असेल, कुणाला बस मिळाली नसेल. तिने वॉशिंग्टनकडून एक सवलत घालून घेतली: येणं जमलं नाही तर घरून बोट टेकवा, माळ जोडली जाईल. वॉशिंग्टनने आधी जागेची तपासणीही ठेवली होती, म्हणजे माणूस खरोखर त्या खोलीत आहे का ते फोनवरून कळावं. पण पहिल्याच महिन्यात एक सभासद पावसात रस्त्यात अडकला आणि त्याने दोन दारं अलीकडून रडका चेहरा पाठवला. ओफेलियाने तपासणी काढून टाकायला लावली. पुढे पुढे बैठक नसलेल्या दिवशीही बोट टेकवता येऊ लागलं, कारण लोकांना महिनाभर थांबवेना.

आणि ॲप असं चाललं की विचारू नका. चोपन्नातले पन्नास जण रोज हजेरी लावू लागले. गटावर चिमण्या, बगळे, अभिनंदनं. यामांदू सोसा या संस्थापकाची माळ सहाशेच्या पुढे गेली तेव्हा त्याला वॉशिंग्टनने खास शहामृग काढून दिला. शनिवारच्या बैठकीला मात्र खोलीत सात-आठ माणसं, मग सहा, मग पाच. ओफेलियाच्या लक्षात येत नव्हतं असं नाही. पण पडद्यावर एवढी गर्दी दिसत असताना खोली रिकामी आहे हे मान्य करणं तिच्या जिवावर यायचं. आज पाऊस आहे, म्हणायची. आज सामना आहे.

या वर्षी मात्र उजेड दिसला. हिमेना लारान्यागा नावाची एक मुलगी, एकोणतीस वर्षांची, शब्दांचे खेळ बनवणारी, जूनमध्ये ओफेलियाला म्हणाली की मी घेते अध्यक्षपद. अकरा वर्षांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. ओफेलियाने तिला पुन्हा एकदा बोलायला लावलं.

"पण एक सांगते," हिमेना म्हणाली. "सभेला माणसं असतील तर. मला जिवंत संघटना द्या, मी पळवते. मढं देऊ नका."

"जिवंत आहे," ओफेलिया म्हणाली, आणि ॲप उघडून दाखवलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाची वेळ ठरली. ॲपवर विचारणा टाकली: प्रत्यक्ष येणार का? सदतीस जणांनी बोट टेकवलं. सदतीस! हवे होते अठरा. ओफेलियाने तीन वेगवेगळ्या भट्ट्यांतून बिस्कोचो, म्हणजे छोटे खुसखुशीत पाव, मागवले, चाळीस माणसांना पुरतील एवढे, लोणी लावलेले आणि आत चीज असलेले. घरी आईला म्हणाली की या शनिवारी मी सुटते. आई टॅब्लेटवरून नजर न काढता म्हणाली, मग रविवारपासून बटणं. ओफेलियाने होकार दिला. आईला दिलेल्या शब्दांपैकी हा एक शब्द तिने मनात कसलीही पळवाट न ठेवता दिला होता.

बैठकीची खोली म्हणजे बोचास क्लबाचा वरचा मजला. खाली म्हातारी माणसं लाकडी गोळे मातीवरून घरंगळवत खेळतात. ओफेलिया त्यांचा संगणक दुरुस्त करून देते, त्याबद्दल ते खोली वापरू देतात. त्या शनिवारी नदीवरून असा गारठा सुटला होता की खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबावं लागलं. साडेनऊला ओफेलियाने चाळीस खुर्च्या मांडल्या. पावणेदहाला वॉशिंग्टन आला, मग हिमेना, नव्या वहीसकट. मग नोटरीबाई सुल्मा इरिगोशेन आल्या. उपस्थिती मोजून कागदावर सही करायला सरकारमान्य माणूस लागतो, म्हणून. त्यांनी कोट काढला नाही. दहाला आणखी तिघं आले. सव्वादहाला एक जण आला, कोंबड्यांवाला, आणि त्याच्या मागोमाग बदकंवाला. त्यानंतर जिन्यावर पावलं वाजली नाहीत.

साडेदहाला ओफेलियाने मोजलं. ती स्वतः धरून आठ. नोटरीबाई मोजायच्या नव्हत्या.

फोन वाजू लागले ते आनंदाने. ॲपवर हजेऱ्या लागत होत्या. एकवीस, पंचवीस, एकोणतीस. गटावर कुणी टाळ्या टाकल्या, कुणी लिहिलं, ऐतिहासिक दिवस. कुणी म्हणालं, ओफेलिया, तू ग्रेट आहेस. अकरा वाजेपर्यंत सदतीसच्या सदतीस हजर होते, आणि खोलीत बत्तीस खुर्च्या रिकाम्या होत्या.

वॉशिंग्टनने टॅब्लेट नोटरीबाईंपुढे नेऊन ठेवला. नावं, वेळ, मिनिट, सेकंद, सगळं व्यवस्थित होतं. यात काही खोटं नाही, तो समजावू लागला, प्रत्येकाने स्वतःच्या बोटाने लावली आहे. बाईंनी चष्मा चढवून यादी शेवटपर्यंत वाचली. त्या काही दुष्ट नव्हत्या.

"मी डोकी मोजायला आले आहे," त्या म्हणाल्या. "एक तास थांबते. बोलवा त्यांना."

मग ओफेलियाने फोन करायला सुरुवात केली. कुणी उचलला नाही. कुणी हळू आवाजात म्हणालं की बायको झोपली आहे, पण मी हजेरी लावली आहे हं. एकाला खरंच वाटलं की हजेरी म्हणजेच येणं. सभा ॲपमध्येच असते ना? एक बाई रडायला लागली, तिच्या घरी वेगळंच काही चाललं होतं, आणि तिची समजूत घालण्यात ओफेलियाची दहा मिनिटं गेली. शेवटी तिने यामांदू सोसाला लावला. संस्थापक. ते कलम ज्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं तो. सालिनासला राहतो, गाडीने तास सुद्धा नाही.

"यामांदू, सभा आहे. निघतोस का? अजून पाऊण तास आहे."

"सभा? मी लावली की सकाळी." त्याचा आवाज छान प्रसन्न होता. "रोज लावतो. दात घासतो आणि लावतो. सहाशे एकोणनव्वद."

"लावलीस ते दिसलं. पण इथे यायला हवं. माणसं कमी पडतायत. नाहीतर बोल्सिशो बंद होईल."



"अजून भेटता तुम्ही लोक?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मला वाटलं, आता ते ॲपच आहे. आपोआप चालतं."

"आपोआप नाही चालत."

"मग कोण चालवतं?"

ओफेलियाने फोन ठेवला. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिला तो प्रश्न अगदी रास्त वाटला. ज्या खेळात खेळणाऱ्याला कशाचीच तोशीस पडत नाही, त्यामागे कुणी बसलेलं आहे असं त्याला वाटेलच कसं? तिने आयुष्यभर हेच साधलं होतं, आणि उत्तम साधलं होतं.

खाली जाऊन ती पायऱ्यांवर बसली. बोचास क्लबात बावीस म्हातारे जमलेले होते. त्यातला एक मफलर गुंडाळून आला होता आणि वाकताना कण्हत होता, तरी आला होता. एलेउतेरिओ नावाच्या म्हाताऱ्याने तिला विचारलं की तुमची मोठी सभा ना आज? माणसं कुठे आहेत?

"त्यांनी हजेरी लावली आहे," ओफेलिया म्हणाली.

म्हातारा हातातला गोळा चोळत यावर विचार करत राहिला. "मग दिसत का नाहीत?"

एवढ्यात वॉशिंग्टन धडाधडा जिना उतरून आला. म्हाताऱ्यांकडे पाहून त्याच्या डोक्यात नेहमीसारखं काहीतरी शिजलं. बावीस माणसं! यांनाच आत्ता सभासद करून घेऊ. एलेउतेरिओला कल्पना एकदम पसंत पडली. आम्हीही खेळवालेच, तो म्हणाला, आणि त्याने आणखी अकरा जणांना गोळे ठेवायला लावून वर पिटाळलं. बारा म्हातारे धापा टाकत खुर्च्यांवर बसले, बिस्कोचो बघून खूश झाले, लोणीवाले कुठले आणि चीजवाले कुठले याची चौकशी करू लागले. आठ आणि बारा, वीस. पाच मिनिटं ओफेलियाला खरोखर वाटलं की झालं. तिने हिमेनाकडे पाहिलं. हिमेना हसत होती, पण तिने वही पिशवीत ठेवलेली होती.

नोटरीबाईंनी नियमावली उघडून सभासदत्वाचं कलम शोधलं. मत द्यायला आणि संख्येत मोजला जायला सभासद निदान नव्वद दिवसांचा हवा. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, म्हाताऱ्यांची क्षमा मागितली आणि बारा वाजता घड्याळाकडे बघून लिहायला घेतलं. म्हातारे वाईट वाटून, हातात एकेक बिस्कोचो घेऊन खाली गेले.

हिमेना ओफेलियाच्या शेजारी येऊन बसली. "मी घेतलं असतं गं," ती म्हणाली. "शपथ. पण इथे मी काय घेऊ? बत्तीस खुर्च्या घेऊ?"

ओफेलिया म्हणाली की तुझी काही चूक नाही. तिला तसंच वाटत होतं. एकोणतीस वर्षांच्या पोरीने आपल्यासारखं होऊ नये, हे तिला मनापासून पटत होतं. कोट घालताना हिमेनाने तिच्या गालाला गाल लावला आणि ती निघून गेली. तिला कामं होती.

राहिले सात. बाईंनी ठराव वाचून दाखवला: लागोपाठ तिसऱ्या वर्षी संख्या अपुरी, नियमानुसार संघटना आवरती घेण्यात येत आहे. कोंबड्यांवाल्याने नाक शिंकरलं. बदकंवाला म्हणाला की एक युग संपलं. वॉशिंग्टनचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवतही नव्हता. ओफेलियाच्या आत मात्र, सांगायला लाज वाटावी असं, काहीतरी सैल पडलं. बोल्सिशो जिवंत सोपवायचं होतं, ते जमलं नाही. वाईट झालं. पण मेलं तर मेलं. मेलेल्याला अध्यक्ष लागत नाही. उद्या रविवार.

"आता एकच गोष्ट," नोटरीबाई म्हणाल्या. "आवराआवर करायला एक माणूस नेमावा लागेल. सभासदांना पत्रं, सरकारदरबारी कागद, साओ पाउलोच्या टेबलाचा करार, जुन्या खेळांचे हक्क ज्याचे त्याला परत करणं. साधारण दोन वर्षं जातात. ते झाल्याशिवाय मला हे बंद करता येणार नाही. काम बिनपगारी आहे. कोण करतं?"

कोंबड्यांवाला छताकडे बघू लागला. बदकंवाल्याला खिडकीतल्या वर्तमानपत्रात वाचण्यासारखं काही सापडलं. ज्यांची नावं मी इथे घेतलेली नाहीत त्या तिघांनी फोन काढले. ओफेलियाने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर ती भार देऊन बसली. हात वर गेला की आईची बटणं गेली, हे तिला स्वच्छ कळत होतं. तिने मनातल्या मनात आकडे म्हणायला सुरुवात केली. शंभरापर्यंत कुणीतरी बोलेल. माणूस किती वेळ गप्प बसू शकतो? तिला माहीत असायला हवं होतं. यांना तिने अकरा वर्षं पाहिलं होतं. शंभर झाले. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. खाली गोळ्यावर गोळा आदळल्याचा आवाज येत होता. नोटरीबाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं ते परत लावलं, परत काढलं.

वॉशिंग्टन हळूच तिच्याकडे वळला. तो तिचा मित्र होता, तीस वर्षांपासूनचा, आणि त्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं.

"बारके," तो म्हणाला, "सगळं कुठे असतं ते तुलाच माहीत आहे गं."

हे खरं होतं. शिक्का कुठल्या खणात, ब्राझीलच्या कराराची मूळ प्रत कुणाकडे, कुठल्या सभासदाचा पत्ता तीनदा बदलला आणि कुणाला पत्र पाठवलं तर त्याची घटस्फोटित बायको फोडते, सगळं तिला माहीत होतं. दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर रोज तिलाच फोन केला असता. तिने मांडीखालचा उजवा हात सोडवला. त्याला मुंग्या आल्या होत्या. तिने तो वर केला.

नोटरीबाईंनी नाव लिहून घेतलं. खोलीतल्या सहा जणांनी सुटकेचा श्वास टाकला आणि उभं राहून, अगदी मनापासून, तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.